फुजैरात थांबलेलं जेवण

मंगळवार, ९ सप्टेंबर

सकाळी भाजणी दळून आली आणि तिच्या मागोमाग नोटीस आली. डिसेंबरअखेर शेड रिकामी करायची. आमच्या गल्लीतली जुनी बांधकामं पाडून मालक तिथे मोठं गोदाम उभं करणार आहे. रास अल खोरच्या या शेडमध्ये बारा वर्षं मी चकल्या, शंकरपाळे, लाडू करून विकते आहे. अर्ध्या दुबईची दिवाळी माझ्या सोऱ्यातून बाहेर पडते असं मी कौतुकाने सांगत असते. आता सांगून काय उपयोग.

माझ्या नवऱ्याची, सदानंदची, नोकरी जानेवारीत संपते. त्यानंतर त्याचा व्हिसा माझ्या लायसन्सवर घ्यायचा, हे आमचं ठरलेलं. जागा नसेल तर लायसन्स नाही आणि लायसन्स नसेल तर आम्ही इथे राहू शकत नाही. इतकं सरळ आहे ते.

संध्याकाळी त्याला नोटीस दाखवली. त्याने चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "एवढं काय त्यात? पुण्याला जाऊ. आराम करू. खूप झालं." मला इतका संताप आला की मी जेवले नाही. बारा वर्षांच्या कामाला हा माणूस 'खूप झालं' म्हणतो.

शनिवार, १३ सप्टेंबर

सदानंदच्या ऑफिसमधला सुजीत घरी आला होता. हा एमबीए. परदेशी लोकांशी वाटाघाटी कशा कराव्यात यावर कंपनीच्या खर्चाने कोर्स करून आलाय, त्यामुळे तो सध्या सगळ्यांना शिकवत सुटलाय. उंटावरचा शहाणा आणि तोही उंटांच्याच देशात. पण बातमी चांगली आणली. आमच्या मागच्याच गल्लीत खजुराचं एक गोदाम दोन वर्षं बंद पडलंय. मालकीण फुजैरात राहते, डोंगरांपलीकडच्या अमिरातीत. विधवा आहे. तिला सगळे उम्म सईद म्हणतात, म्हणजे सईदची आई.

"वहिनी, एक लक्षात ठेवा," सुजीत म्हणाला. "डाव्या हाताने काही द्यायचं नाही. पायाचा तळवा समोर करायचा नाही. घड्याळ बघायचं नाही. आणि ती इन्शाल्ला म्हणाली की समजायचं, खलास. पोलाइट नो आहे तो."

मी सगळं पाठ केलं. मी पुण्याची आहे. तयारी न करता कुठे जात नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

फुजैराला जाऊन आले. अकराची वेळ दिली होती, मी पावणेअकराला दारात.

बाई पंच्याहत्तरीच्या आसपासची असेल. ठेंगणी, गुडघे दुखरे, डोळे मात्र बारीक आणि सावध. मी 'अस्सलाम अलैकुम' घोकून गेले होते. ती हसून म्हणाली, "हिंदी में बोलो, हिंदी आती है मेरे को. शादी के बाद बंबई में रही मैं. मेरा आदमी वहाँ ट्रेडिंग करता था."

मला हायसं वाटलं. हिंदीत माझं कुठे अडत नाही.

पण मग नमनाला घडाभर तेल. मुलं किती, मुलगी काय शिकते, नवरा काय करतो, गुडघ्याला तेल कुठलं लावावं. मी काय खाते, काय खात नाही, तेही विचारलं. मी म्हटलं, मासमच्छी अजिबात नाही. दीड तास असा गेला. शेवटी मीच भाड्याचा विषय काढला. ती म्हणाली, "इन्शाल्ला. बैठो तो सही." सुजीतचे शब्द आठवले आणि मी मनातून खचले. पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

साडेबाराला उठले. "अच्छा उम्म सईद, मैं आती हूँ," म्हटलं.

"पक्का आती है?" तिने विचारलं.

"पक्का," मी म्हटलं. एवढ्यावरून विषय संपत नाही, आपण पुन्हा भेटणार, एवढं तरी तिला कळायला हवं होतं. ती खूश दिसली. आत कुणाला तरी अरबीत हाक मारून बरंच काही सांगितलं.

परतीच्या वाटेवर मसाफीच्या पुढे डोंगरात असताना तिच्या घरच्या मॅनेजरचा फोन. "मॅडम, मामा खाने पे बैठा है." इथे घरातले नोकर मालकिणीला मामा म्हणतात. मी म्हटलं, "हाँ हाँ, बैठने दो, आराम से खाने दो. मेरी कोई जल्दी नहीं." पुढे रेंज गेली. काय एकेक पद्धती असतात. जेवायला बसल्याचंसुद्धा कळवतात.

मंगळवार, ३० सप्टेंबर

दुसरी फेरी. या वेळी बेसनाचे लाडू आणि चकल्या नेल्या, उजव्या हाताने दिल्या. स्वागत मात्र थंड. बसायला सांगितलं, कॉफी दिली, आणि पहिलाच प्रश्न, "उस दिन कुछ काम आ गया था?"

"नहीं तो," मी म्हटलं. "काम कुछ नहीं था. सीधे घर गई."

मला खोटं बोलता येत नाही. उगाच कामाचा आव आणून मोठेपणा मिरवणाऱ्यांतली मी नव्हे. ती बराच वेळ चकलीकडे बघत राहिली.

मग स्वतःहून म्हणाली, "गराजवाला आया था, जगह माँगता था. एक कार्गोवाला भी आया. मैंने मना किया. तुम्हारे लिए रखेगी मैं, इन्शाल्ला." मी मान डोलावली. भाव चढवायची जुनी युक्ती आहे ही, मंडईत मी रोज ऐकत वाढले. वर पुन्हा इन्शाल्ला. म्हणजे दोन्ही बाजूंनी दार बंद.

मी म्हटलं, "उम्म सईद, हमारे यहाँ शब्द मतलब शब्द. आप मुझ पर भरोसा रखिए."

निघताना म्हटलं, "चलो, आती हूँ."

"कब?"

"बस, आती हूँ." घाई दाखवायची नाही, हे सुजीतने बजावलं होतं.

दोन वाजता पुन्हा मॅनेजर. "मामा पूछता है, आप रास्ते में है?" केवढी काळजी. मी म्हटलं, "हाँ, रास्ते में ही हूँ. पहुँच जाऊँगी." माणसं तशी प्रेमळ आहेत, फक्त व्यवहाराचं बोलत नाहीत.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

दिवाळी तोंडावर. दिवसाला दोनशे किलो माल निघतोय. मंजुषा, माझी मुख्य स्वयंपाकीण, सांगलीची आहे, तिने आज कढईसमोरून न हलता विचारलं, "ताई, जानेवारीत आम्ही कुठं?" बाकीच्या बायका थबकल्या. मी म्हटलं, बघू. इतक्या वर्षांत तिला 'बघू' म्हणायची पाळी माझ्यावर आली नव्हती.

फुजैराला रोज फोन लावते. मॅनेजर सांगतो, "मामा आराम करता है." दहा दिवस झाले, बाई आरामच करते आहे. सुजीत म्हणाला, "मी सांगितलं होतं ना वहिनी, पोलाइट नो."

इरा अभ्यास करता करता आमचं बोलणं ऐकत होती. बारावीत आहे, सगळं कळतं तिला. म्हणाली, "आई, व्हाय डोन्ट यू जस्ट आस्क हर व्हॉट वेन्ट राँग?" मी म्हटलं, माझं काहीच चुकलेलं नाही, तर काय विचारू? ती म्हणाली, "दॅट्स नॉट व्हॉट आय सेड." मोबाइल ठेव आणि अभ्यास कर, म्हटलं.

सदानंद आजकाल रोज सकाळी मोबाइलवर अरबीचे धडे गिरवतो. नोकरी संपत आली, पुण्याला जायचं म्हणतो आणि याला आता अरबी शिकायची हौस. रिकामपणाची चाहूल लागली की माणसं असंच काहीबाही करतात.

बुधवार, ५ नोव्हेंबर

अजमानला जागा बघितली. आधी तिथे मासळी साठवायचे. फरशी धुतली तरी वास जात नाही. आमच्या शेडच्या निम्मीच जागा. तिथे गेले तर निम्म्या बायकांना रजा द्यावी लागेल. कुणाला, हे ठरवायला बसले आणि उठले.

पण जागा आहे. मालक केरळचा, सरळ बोलणारा. भाडं हे, डिपॉझिट हे, सही सोमवारी. मी हो म्हटलं. अडला हरी, दुसरं काय.

सदानंदला सांगितलं. "मासळीच्या वासात चकली? नको गं," तो म्हणाला. "त्यापेक्षा पुणंच बरं." मग गॅलरीत जाऊन बराच वेळ खालच्या रस्त्याकडे बघत उभा होता. हाक मारली तर दचकला. डोळे लाल झाले होते. धूळ गेली म्हणाला. आज वारा तर काहीच नव्हता.

मला रडू येतंय. पण रडून दाखवायला घरात कुणी माझ्या बाजूचं हवं ना. हा सामान बांधायला टपलेला.

शनिवार, ८ नोव्हेंबर

जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

सकाळी अनोळखी नंबरवरून फोन. "गिरिजाताई ना? मी अरफा. उम्म सईदकडे अकाउंट्स बघते. मी दापोलीची. सुट्टीवर गावी होते, परवाच आले. थोडं बोलू?"

चक्क मराठी. मी म्हटलं, बोल.

"ताई, राग मानू नका हां. मामा म्हणतात, ती पुण्याची बाई चांगली आहे, पण शब्दाची पक्की नाही."

माझा पारा चढला. शब्दाची पक्की नाही? मी? पंधरा मिनिटं आधी पोचणारी? मी दोन मिनिटं तिला काही बोलू दिलं नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"दोन्ही वेळा तुम्ही जेवायला येते म्हणालात आणि आला नाहीत, असं म्हणतात त्या."

"जेवायचा विषयसुद्धा निघाला नाही गं."

"मग निघताना काय म्हणालात?"

"काय म्हणणार? जे म्हणतात तेच. मैं आती हूँ."

पलीकडे अरफा हसायलाच लागली. हसता हसता तिला ठसका लागला.

"ताई, आपण येते म्हणतो ते मराठीत. मीसुद्धा निघताना तेच म्हणते. पण हिंदीत 'आती हूँ' म्हणजे, आत्ता परत येते. त्यांना वाटलं, तुमचं बाजारात काहीतरी काम आहे, ते उरकून तुम्ही जेवायला येणार. पाहुणा आल्याशिवाय त्या घास घेत नाहीत. तुम्ही मासमच्छी खात नाही म्हणून तुमच्यासाठी नव्या भांड्यात भेंडी केली होती. फोन केला तर तुम्ही म्हणालात, बैठने दो, आराम से खाने दो."

आणि दुसऱ्या वेळी? रास्ते में हूँ, पहुँच जाऊँगी. त्या दिवशी तर म्हातारी संध्याकाळपर्यंत बसून होती.

डावा हात, उजवा हात, पायाचा तळवा, सगळं पाठ करून गेले होते. दगा दिला तो माझ्याच जिभेने. आणि वर म्हणाले काय, तर हमारे यहाँ शब्द मतलब शब्द.

"गराज आणि कार्गोवाले खरंच आले होते का गं?" मी विचारलं.

"मीच गावाहून मेल करून त्यांना नाही कळवलं," अरफा म्हणाली. "मामांनी सांगितलं होतं."

रविवार, ९ नोव्हेंबर

न कळवता गेले. बरोबर जेवणाच्या वेळी. दार उघडल्यावर मॅनेजर घाबरलाच. आत उम्म सईद अरफाबरोबर पानावर बसली होती. मला बघून तिच्या कपाळावर आठी आली.

मी सरळ जमिनीवर तिच्याशेजारी बसकण मारली आणि म्हटलं, "खाने आई हूँ. बहुत देर हो गई. माफ़ कर दीजिए."

तिने माझ्यासमोर ताट सरकवलं. डाळ होती, भात होता. मी जेवत जेवत सगळं सांगितलं. "हमारी मराठी में 'जाती हूँ' नहीं बोलते. अशुभ होता है. जो दुनिया से गया, वो गया. बाक़ी सब आते हैं. दरवाज़े से निकलते टाइम भी बोलते हैं, आती हूँ. मतलब सिर्फ़ खुदा हाफ़िज़."

तिचा घास हातातच राहिला.

"सब मराठी लोग ऐसा बोलते?"

"सब. बच्चा बच्चा."

"काम करनेवाली औरत भी?"

"हाँ, वो भी."

तिने घास ताटात ठेवला. मग अरफाकडे न बघता, माझ्याकडे न बघता बोलू लागली. मुंबईत सईद झाला तेव्हा तिच्याकडे ठकुबाई नावाची बाई होती. बाळाला न्हाऊ घालायची, तिचं अंग रगडायची. आईपासून तोडून आणलेल्या वीस वर्षांच्या पोरीला तिने माणसात ठेवलं. मग नवऱ्याने मुंबईचं दुकान बंद केलं. निघायच्या दिवशी ठकुबाईने बाळाला न्हाऊ घातलं, त्याची दृष्ट काढली, त्याचा मुका घेतला आणि म्हणाली, "आती हूँ अम्मा."

"मैं नीचे गाड़ी में बैठी," उम्म सईद म्हणाली. "मेरा आदमी बोला, यल्ला, जहाज़ का टाइम हुआ. मैं बोली, ठहरो, ठकुबाई आएगी बोली है. वो ग़ुस्सा हुआ. मैं रोई. गाड़ी चली गई. पचास साल हुआ. पचास साल मैं सोचती, मेरे बच्चे को गोद में लेके झूठ बोल गई."

मी म्हटलं, "उम्म सईद, वो कैसे बोलती, जाती हूँ? बच्चे के सामने?"

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडली. मीही रडले. अरफा आधीच रडत होती. मॅनेजर बिचारा डाळीचं भांडं घेऊन दारातच उभा. बारा वर्षांत किती सौदे केले, पण असा एकही नाही.

नंतर कॉफी झाली. शेडचं नाव काढायची मला लाज वाटत होती. तीच म्हणाली, "चाबी ले जाओ. पहली बार तुम आई, उसी दिन अरफा को फोन पे बोला था, अलग रखना. इन्शाल्ला बोला ना मैंने."

म्हणजे तिचं इन्शाल्ला म्हणजे हो होतं. पहिल्या दिवसापासून. आणि माझं पक्कं 'आती हूँ' म्हणजे काहीच नव्हतं.

सोमवार, १० नोव्हेंबर

अजमानच्या मालकाला स्वतः फोन करून नाही सांगितलं. "नो प्रॉब्लेम मॅडम, हॅपनिंग," म्हणाला. भला माणूस.

मंजुषाला आणि बायकांना नवी शेड दाखवली. अजून खजुराचा गोड वास आहे. मंजुषाने कढई कुठे, सोरे कुठे, पाण्याचा नळ कुठे, सगळं पंधरा मिनिटांत मांडूनही टाकलं. मग मला म्हणाली, "ताई, तुम्ही 'बघू' म्हणालात तेव्हा मी मनात सामानसुद्धा बांधलं होतं."

सुजीतला सगळं सांगितलं. तो म्हणाला, हे त्याच्या कोर्समध्ये नव्हतं. कसं असेल? कोर्स त्यांच्यावर होता, आमच्यावर नव्हता.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आज कराराचं बोलणं. भाडं तिच्या नवऱ्याच्या वेळचंच, वर्षाला नव्वद हजार दिरहॅम. सदानंदला फोनवर सांगितलं तर तो लगेच, "म्हणजे साडेएकवीस लाख. बाजारात तीस चाललेत."

मी करार एक वर्षाचा मागितला. उम्म सईद हसली. "एक साल में तो चूल्हा गरम होता है. पाँच लिखो."

मी म्हटलं, घरी विचारून सांगते. अरफाने चमकून बघितलं. मी कुणाला विचारून काही करते यावर तिचा विश्वास बसला नसावा. पण पाच वर्षं म्हणजे सदानंदचं पुणं गेलंच. नोटीस आल्यापासून माणूस एकच रट लावून बसलाय. मी माझी लढाई जिंकले, पण त्यात त्याला कुठे विचारलं?

घरी आले. तो कांदा चिरत होता. मी चप्पलही न काढता म्हटलं, "पाच वर्षांचा करार म्हणते आहे ती."

त्याने सुरी ठेवली. "पाच?"

"मी हो म्हटलेलं नाही. तुला पुण्याला जायचंय. एक वर्ष करू, मग..."

"मला कुठे पुण्याला जायचंय?"

"तूच म्हणतोस. सप्टेंबरपासून रोज."

तो ओट्याला टेकून उभा राहिला. "अगं, जागा मिळाली नसती तर तू आयुष्यभर म्हणाली असतीस, माझ्यामुळे सगळं सुटलं. ते ओझं तुला नको म्हणून म्हणत होतो. मी तिथे जाऊन काय करणार? माझं सगळं इथेच आहे." आणि मग हळूच म्हणाला, "रात्रीची झोप गेली होती माझी."

कांदा चिरून डोळे पुसतोय की आणखी काही, ते मी या वेळी विचारलं नाही. एकोणतीस वर्षं आम्ही दोघं एकमेकांशी मराठीतच बोलतो आहोत. मी त्याच्या हातातली सुरी घेतली आणि उरलेला कांदा चिरला. चिरताना म्हटलं, फेब्रुवारीपासून मला डिस्पॅचला माणूस लागेल, वक्तशीर हवा. त्याने विचारलं, पगार काय. मी म्हटलं, जेवण. तेही शेडमध्ये, बायका करतील ते.

आतून इरा म्हणाली, "फायनली."

जेवण झाल्यावर अरफाला मेसेज केला. पाच वर्षं लिही आणि भाडेकरूच्या जागी दोन नावं घाल.